तेवीस गोळ्या

९ फेब्रुवारी

दादा,

आधी एवढं वाच आणि मग बाकीचं: मी बरी आहे. हे अक्षर माझंच आहे, कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. जरा तिरकं जातंय, कारण मनगटावर सलाइनच्या सुईची सूज अजून आहे.

गेल्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा आई नेहमीपेक्षा जास्त बोलली असेल. तिचे गुडघे, शेजारणीचं मांजर, गळका नळ. मीच तिला दटावून ठेवलं होतं. म्हटलं, दादाला मी कळवते. तर म्हणते, "तू? तुम्ही दोघं कधीपासून बोलायला लागलात?" बरोबरच आहे तिचं. तू फोनवर तिला विचारतोस, "ती बरी आहे ना?" आणि मी आतल्या खोलीतून ओरडते, "बरी आहे म्हणावं!" बावीस वर्षं आपलं बोलणं म्हणजे एवढंच. बाबा गेले तेव्हा आलास, पण सगळा वेळ जिन्यातच उभा राहिलास. मीही बाहेर आले नाही.

तर, अठ्ठावीस जानेवारीला मला आकडी आली. मोठी. तेव्हासारखी. मधल्या काळात लहान लहान येत होत्या, एक-दोन मिनिटांच्या, त्या आईनं तुला सांगितल्याच असतील. ही तशी नव्हती.

मी काम कुठे करते हे तुला नीट माहीत नसावं. दातांच्या कवळ्या तयार करतो आम्ही. दवाखान्यांतून तोंडाचे ठसे येतात, त्यांवरून प्लास्टरचा साचा, त्यावर मेण, आणि मेणात एकेक दात बसवायचा. दात बसवायचं काम माझं. माझ्या टेबलावर ज्योत ठेवत नाहीत, विजेवर तापणारी मेणाची सुरी दिली आहे. सहा वर्षांपूर्वी लागले तेव्हाच मालकीणबाईंना मी सगळं सांगून टाकलं होतं. त्यांनी डोळ्याची पापणीही हलवली नाही. म्हणाल्या, "मग आम्हाला काय करायचं ते डॉक्टरकडून लिहून आण." ते लिहून आणलेलं कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. घड्याळ बघा. कुशीवर वळवा. डोक्याखाली काही मऊ सरकवा. दाबून धरू नका, तोंडात काही घालू नका. पाच मिनिटं झाली की नाकात फवारा मारा आणि अँब्युलन्स बोलवा. फवारा त्याच कपाटात असतो. वर्षातून दोनदा सगळ्यांची तालीम होते. त्यात पेशंट व्हायचं काम पॉलिशकाकांकडे. ते कवळ्यांना चकाकी देतात, रिटायर व्हायला आलेत, पण जमिनीवर पडून अशी झकास आकडी आणतात की मीच म्हणते, काका, मला एवढी जमत नाही.

त्या सकाळचं मला आठवतं ते इतकंच, की वरच्या जबड्याचे समोरचे सहा दात बसवून झाले होते आणि डावीकडचा सुळा किंचित आत वळवायचा होता. त्यानंतर एकदम दुसऱ्या दिवशीची दुपार आणि हॉस्पिटलचं छत. मधलं सगळं इतरांचं ऐकून लिहिते आहे.

शेजारच्या टेबलावर आमची रंगवाली बसते. कुणाच्या दाताला कुठला पांढरा लागेल ते ती ठरवते. ती म्हणाली, "तू 'अं' असं केलंस, मला वाटलं माझ्या रंगाला नावं ठेवतेस. मी म्हटलं, काय अं? तर तू खुर्चीतून खाली." दहा वाजून वीस मिनिटं झाली होती. तिनं मला कुशीवर वळवलं, स्वतःचा स्वेटर डोक्याखाली सरकवला. पॉलिशकाका हातात घड्याळ धरून मोठ्यानं मिनिटं सांगत होते. तालमीत त्यांनी हे काम कधीच केलं नव्हतं, तिथे ते पडलेले असायचे. "दोन... तीन..." तिसऱ्याला त्यांचा आवाज फुटला. बाई म्हणाल्या, "काका, रडायचं तर रडा, पण आकडा चुकू देऊ नका." पाचव्या मिनिटाला बाईंनी फवारा मारला, तेवढ्यात रंगवालीनं अँब्युलन्सला फोन लावला. सातव्या मिनिटाला हातपाय थांबले. गाडी आली, आणि गाडीत पुन्हा सुरू झालं. पुढचं हॉस्पिटलात.

दोन दिवसांपूर्वी घरी आले. डॉक्टरीणबाईंनी डोक्याचा फोटो काढून बघितला. नवीन काहीही झालेलं नाही. मला आईचा फोन नंबर आठवतो, आपल्या जुन्या घराचे जिने आठवतात, चौदा नव्वे किती तेही आठवतं. हे तुला सांगायचं म्हणूनच पत्र. आईकडून कळलं असतं तर तू अर्धंच ऐकून बॅग भरली असतीस, किंवा भरली नसतीस आणि नुसता झुरत बसला असतास.

आकडी का आली, तर आधीचे दोन दिवस ताप आणि उलट्या होत्या. गोळ्या पोटात टिकल्याच नाहीत. तरी कामावर गेले. हा माझा गाढवपणा, दुसऱ्या कुणाचा नाही.

तुझी
भिंगरी


२० फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र आलं. पाच ओळी. त्यांतल्या दोन ओळींत "किती मिनिटं?" हा एकच प्रश्न, आणि शेवटी "तेव्हा मी चुकलो." हे वाक्य तू बाबांनाही लिहिलं होतंस, आईनं ते पत्र जपून ठेवलंय.

मिनिटं सांगते. पहिली सात. गाडीत आणखी चार. हॉस्पिटलात शिरेतून औषध दिल्यावर हातपाय शांत झाले ते दहा बावन्नला. पण नुसत्या हातापायांवर त्यांचा विश्वास नसतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाहेरून थांबलं म्हणजे आतून थांबलंच असं नाही. म्हणून डोक्याला वायरी लावल्या. तर डाव्या बाजूला अजून थोडी चुळबुळ दिसत होती. मग आणखी एक औषध. दुपारपर्यंत रेषा सरळसुरळीत. दीड दिवस वायरी तशाच ठेवल्या होत्या. केसांतला तो चिकट लेप काढताना आईनं अर्धी बाटली तेल संपवलं आणि पूर्ण वेळ मला बोलणी ऐकवली. तेव्हा मला कळलं की मी घरी आलेय.

डॉक्टरीणबाई आपल्या वयाच्या असतील. बोलताना पेनाचं टोपण काढतात आणि लावतात. मी त्यांना विचारलं, पाचच मिनिटं का? चार का नाहीत, दहा का नाहीत?

त्या म्हणाल्या, "बहुतेक आकड्या दोन-तीन मिनिटांत आपल्या आपण थांबतात. मेंदू स्वतःच ब्रेक लावतो. पाच मिनिटं झाली तरी लागला नाही, तर समजायचं की आता तो लागणार नाही, बाहेरून लावायला हवा. आणि जितका उशीर कराल तितकं औषधही कमी लागू पडतं. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की पेशी मरायला लागतात."

मग त्यांनी फोटो उजेडासमोर धरला. डाव्या कानशिलाच्या आत, आठवणी ठेवायची जागा असते तिथे, एक बाजू आक्रसलेली आहे. "हा जुना व्रण. बावीस वर्षांपूर्वीचा. आणि या वेळचं," असं म्हणून त्यांनी टोपण सगळीकडून फिरवलं, "काही नाही. तुमच्या लोकांनी तुमचा मेंदू वाचवला." मी रडले नाही, पण आईनं माझ्या वाटचं रडून घेतलं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते तिच्या तोंडाकडे बघून समजलं.

तुला हे सगळं वाचताना काय होत असेल ते मला कळतं. त्या रविवारी तू माझ्याजवळ एकटा होतास, आणि आपल्याला कुणीच "पाच मिनिटं" सांगितलेलं नव्हतं. "दोन-तीन मिनिटांत थांबेल, घाबरू नका" एवढंच त्या वेळच्या डॉक्टरांचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. तू ते थांबायची वाट बघत बसलास. सांगितलेलंच केलंस.

डॉक्टरीणबाईंनी त्या जुन्या वेळेबद्दल बरंच विचारलं. त्या आधी गोळ्या नियमित चालू होत्या का, असंही. मी सांगितलं, जे आपण सगळे सांगत आलो तेच. आता थांबते. मनगट दुखायला लागलंय.

भिंगरी


२७ फेब्रुवारी

दादा,

मनगट दुखत नव्हतं.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहितेय. पहिल्या दोन वेळा इतकं गोड लिहिलं की मलाच किळस आली.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पहिल्या मोठ्या आकडीच्या वेळी ती पांढरी गोळी रोज घेत होतात?" मी म्हटलं, हो. त्यांनी फाइल उलटली. "हो, इथेही तेच लिहिलंय. म्हणजे पूर्ण डोस चालू असताना पंचेचाळीस मिनिटांची आकडी आली. मग ती गोळी तुमच्यासाठी निकामी, असं धरून चालावं लागतं. गेली बावीस वर्षं सगळ्यांनी तेच धरलंय, म्हणून ती दोन औषधं. आता तीही पुरत नाहीत, तर तिसरं जोडते. त्यानं हात थरथरेल, आता थरथरतो त्याहून जास्त."

मी हाताकडे बघितलं. या हातानं मी मेणात सुळा वळवते, दादा. केसाएवढा फरक पडला तर कुणा म्हाताऱ्याला जेवताना गाल चावला जातो. बाहेर येऊन जिन्यात बसले. आई म्हणाली, "काय झालं? एवढी चांगली बातमी मिळालीय आणि तोंड कसलं पाडलंस?" मी म्हटलं, पाणी आण. ती पाणी आणायला गेली आणि मी परत आत गेले.

"डॉक्टर, मी खोटं सांगितलं. मी ती गोळी घेत नव्हते. तेवीस दिवस."

त्यांनी टोपण लावलं आणि पेन खाली ठेवलं.

तुला आता पहिल्यापासून सांगते. मी सतरा वर्षांची होते, गणितात पहिली यायचे, आणि त्या गोळीनं डोक्यात कापूस भरल्यासारखं व्हायचं. आकडे समोर असायचे पण जवळ यायचे नाहीत. परीक्षा महिन्यावर आली होती. मी ठरवलं, एक महिनाभर नको. आई हातावर गोळी ठेवायची आणि समोर उभी राहायची, म्हणून मी ती गालात धरायचे. माझ्या खोलीचा तो जाड पडदा आठवतो? त्याच्या खालच्या दुमडीची शिवण मी बोटभर उसवली होती. गोळी त्यात टाकायचे. डोकं खरंच लख्ख झालं. तीन आठवडे मला इतकं छान वाटत होतं की काय सांगू.

मग आई-बाबा दोन दिवसांसाठी आत्याकडे गेले, आणि मला तुझ्यावर सोपवून गेले.

पुढचं तुलाच माहीत आहे. मला नाही. मला सांगितलेलं माहीत आहे. तू माझ्या दातांमध्ये लाकडी चमचा घातलास, समोरचे दोन दात तुटले, तू मला घट्ट धरून बसलास आणि शेवटी मदत आणायला अनवाणी रस्त्यावर धावलास. आणि हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये बाबा तुला म्हणाले, "तुझ्या हातात देऊन गेलो होतो. तू नुसता बघत बसलास."

मी शुद्धीवर आले तेव्हा मागचं अख्खं वर्ष गेलेलं होतं. पडदा, गोळ्या, परीक्षा, काही नाही. आपल्या गल्लीतून घरी यायचा रस्ताही आईनं हात धरून शिकवला. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नियमित होत्या? आई म्हणाली, माझ्या डोळ्यांसमोर घ्यायची. मी मान हलवली. त्या वेळी ते खोटं नव्हतं, मला माहीतच नव्हतं.

तू तीन महिन्यांनी नोकरी बघून गेलास. त्यानंतर दोन महिन्यांनी आईनं पडदे धुवायला काढले. माझ्या खोलीतला मी काढला. झटकला, तर दुमडीतून टपटप गोळ्या जमिनीवर. मी गुडघ्यांवर बसून गोळा केल्या, मोजल्या. तेवीस. आधी वाटलं, कुणी ठेवल्या या? आणि मग बघितलं, उसवलेल्या शिवणीच्या टोकाला निळ्या दोऱ्याची गाठ. घरात निळा दोरा फक्त माझ्या डब्यात होता. हळूहळू, आठवड्याभरात, बाकीचं परत आलं. गेलेल्या त्या वर्षातलं माझ्याकडे परत आलेलं एवढंच, बघ.

गोळ्या मी संडासात टाकल्या आणि पाणी ओढलं.

तेव्हा सांगता आलं असतं. बाबा होते, आई होती, तुझा नवा पत्ता फ्रिजवर चिकटवलेला होता. मी अठराची होते, समोरचे दोन दात नव्हते, गणित येत नव्हतं, आणि घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते. वाटलं, आता हेही सांगितलं तर माझ्याकडे काय उरेल? तू लांब होतास. तुझ्यावर राग धरणं सगळ्यांना जमून गेलं होतं. पहिले पाच महिने माझ्या डोक्यानं लपवले, दादा. पुढची एकवीस वर्षं मी लपवली.

आणखी एक. मी डॉक्टरीणबाईंकडे परत आत गेले ते तुझ्यासाठी गेले, असं लिहिलं तर तेही खोटंच होईल. मी माझ्या हातांसाठी गेले. तुझं मनात आलं ते बाहेर आल्यावर, आई पाण्याचा ग्लास घेऊन समोर उभी होती तेव्हा.

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "अचानक गोळी बंद केली की मेंदू असाच उसळतो. म्हणजे ती गोळी निकामी नव्हतीच. ती तुम्ही घेतच नव्हतात." त्यांनी तिसरं औषध खोडलं. पांढरी गोळी परत सुरू केली आहे, थोडी थोडी वाढवत, आणि जुनी दोन हळूहळू कमी करत. मी विचारलं, "माझ्या भावानं उशीर केला, त्याचं काय?" त्या म्हणाल्या, "उशिरानं इजा वाढली, हे खरं आहे. पण आग त्यानं लावली नव्हती. आणि पाणी कुठे आहे हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं."

तुला हवं तेवढं रागाव. मी इथेच आहे.

भिंगरी


१८ मार्च

दादा,

तीन रविवार तुझा फोन नाही. तू एक ओळ लिहिलीस, "पत्र मिळालं, थोडा वेळ दे," त्याप्रमाणे मी वेळ देतेय, पण आईला काय सांगू? शेवटी तिलाही सगळं सांगितलं. वाटाणे सोलत होती. उरलेले सगळे सोलून टाकले. मग म्हणाली, "तुझे बाबा शेवटपर्यंत त्यालाच दोष देत गेले." आणि उठून गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी गोळी हातावर ठेवली आणि म्हणाली, "तोंड उघड. जीभ वर कर." एकोणचाळीस वर्षांची बाई मी! उघडलं.

पांढरी गोळी परत सुरू केल्याचा पहिला महिना चालू आहे. एकही आकडी नाही. हात बराच स्थिर आहे. डोक्यात कापूस थोडा आहे, पण आता मला गणिताचा पेपर द्यायचा नाही.

तुझं उत्तर नाही आलं तरी मी लिहीत राहीन, हे सांगायला हे पत्र.

भिंगरी


६ एप्रिल, रविवार

दादा,

तुझी गाडी आता कुठवर गेली असेल कोण जाणे. कालचं सगळं मी आत्ताच लिहून काढतेय, कारण माझ्या डोक्याचा भरवसा नाही, महत्त्वाचं असेल ते मी दुसऱ्या दिवशीच्या आत कागदावर उतरवते. माझं काही चुकलं असेल तर लाल पेनानं दुरुस्त करून पाठव.

तू न कळवता आलास, जेवणाच्या सुट्टीत. पॉलिशकाकांनी दार उघडलं, तुझ्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाले, "कवळीची चौकशी दवाखान्यात करायची हो, इथे थेट देत नाही." तू म्हणालास, "माझे दात शाबूत आहेत. बहिणीला भेटायचंय." मी आतून तुझा आवाज ओळखला. मेणाची सुरी नीट बंद करून ठेवली आणि मग आले, एवढं भान होतं याचं मला आश्चर्य वाटतं.

मागच्या अंगाला, प्लास्टरच्या गोण्या ठेवतात तिथल्या बाकावर आपण बसलो. तुझे केस इतके पिकलेत हे फोटोंत कळत नाही.

तू म्हणालास, "मी रागावलोय. आधी ते सांगतो."

मी म्हटलं, "सांग."

"तू अठराव्या वर्षी सांगितलं असतंस तर मी परत आलो असतो. बाबांच्या खोलीत गेलो असतो. त्यांचा हात धरला असता. ते आता होणार नाही."

"नाही होणार."

"गोळ्या टाकल्यास त्याचं मला काही नाही. सतराव्या वर्षी मीही काय काय केलंय. पण बावीस वर्षं, भिंगरे!"

मग तू बुटाच्या टोकानं सांडलेलं प्लास्टर गोळा करत राहिलास, आणि ते सांगितलंस जे मी कुणालाही, आईलाही, सांगणार नाही, पण इथे लिहून ठेवते. तुझी पोर नऊ वर्षांची झाली आणि तू एकदाही तिच्यासोबत एकटा राहिला नाहीस. तान्ही होती तेव्हा वहिनी दुकानात निघाली की तूही पिशवी घेऊन निघायचास. ताप आला की तू खोलीबाहेर. वहिनीला वाटतं तुला लेकीची ओढ नाही. "मला वाटायचं," तू म्हणालास, "माझ्या हातात दिलं की जातं."

तेव्हा मात्र मी रडले. डोक्याच्या फोटोत नवा व्रण नाही म्हणून मी किती खुशीत होते. आणि इतकी वर्षं तुझ्या घरात हे चाललं होतं.

मी म्हटलं, "दादा, त्या दिवशी तू मला सोडून पळाला नाहीस. पंचेचाळीस मिनिटं धरून बसलास."

"धरायचं नसतं म्हणे."

"नसतं. चमचाही घालायचा नसतो. पण पोरगा एकवीस वर्षांचा होता आणि घरात दुसरं कुणी नव्हतं."

तू हसलास. नाकातून, पूर्वीसारखा. मग म्हणालास, "तो कागद दाखव बघू." आपण आत गेलो, कपाट उघडलं, आणि तू एकेक ओळ बोट ठेवून वाचलीस. रंगवालीनं तुला फवारा कसा धरायचा ते दाखवलं. पॉलिशकाकांना राहवलं नाही, ते लगेच जमिनीवर आडवे झाले. तू कोट काढून त्यांच्या डोक्याखाली ठेवलास, त्यांना कुशीवर वळवलंस आणि घड्याळाकडे बघत पूर्ण पाच मिनिटं थांबलास. काका तीन मिनिटांनीच दमून शांत पडले होते. तू हलला नाहीस. आमच्यापैकी कुणी हसलं नाही. पाच झाली तेव्हा तू म्हणालास, "एवढाच वेळ असतो होय हा?" आणि तिथेच, खाली, भिंतीला टेकून बसलास.

घरी आईनं तुला दार उघडलं, तेव्हाचं मी लिहीत नाही. मी तुम्हा दोघांना सोडून सरळ स्वयंपाकघरात गेले. आवाज येत होते तेवढे पुरे होते.

कालपासून मला इतकं हलकं वाटतंय की गोळीचा डोस चुकला की काय म्हणून डबी दोनदा तपासली. चुकलेला नाही.

भिंगरी


२१ एप्रिल

दादा,

हे तुला वहिनी सांगणार नाही, म्हणून मी सांगते.

काल तिचा फोन आला. मला, आईला नव्हे. लग्नापासून आम्ही एकमेकींशी दहा वाक्यंही बोललो नसू. म्हणाली, "अगं, तिकडे तुम्ही यांना काय केलंत? सकाळी उठले, पोरीचा पोहायचा ड्रेस शोधला आणि मला म्हणाले, तू घरीच थांब, आम्ही दोघं जाऊन येतो. दोघंच! मी तासभर खिडकीत उभी आहे."

मी विचारलं, "काळजी वाटते का?"

"काळजी कसली? तलावावर शिकवणारे असतात." मग म्हणाली, "मला वाटायचं, यांना ही नकोच होती."

त्याचं उत्तर द्यायचा हक्क माझा नाही, म्हणून मी दिलं नाही. ते तू दे. लवकर दे, दादा. बावीस वर्षं लावू नकोस.

बोलत होतो तेवढ्यात तुम्ही आलात. तू बहुतेक सरळ आंघोळीला गेलास, कारण पोरीनं वहिनीच्या हातातून फोन ओढून घेतला. पहिल्यांदाच बोललो आम्ही. धाप लागली होती तिला. म्हणाली, "तू आत्या ना? बाबा पाण्यात उतरलेच नाहीत. काठावर पँट वर करून बसले आणि सगळा वेळ माझ्याकडेच बघत होते. मला इतकं हसू येत होतं की नाकात पाणी गेलं."

मी म्हटलं, "मग?"

"मग खोकला आला. मला वाटलं आता ओरडणार. तर त्यांनी मला बाहेर काढलं, पाठ चोळली आणि विचारलं, परत जायचंय का?"

"मग तू गेलीस?"

"तीनदा," ती म्हणाली.

भिंगरी